चाकूची भेट

भेट म्हणून चाकू द्यावा का, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण नाही म्हणतील. मुलगा दहावी झाला तर आपण त्याला घड्याळ देतो, नोकरीला लागला तर पेन देतो, त्याने संसार मांडला तर भांडी देतो. चाकू देण्याचे कोणाच्या मनात येत नाही. आपल्या घरांतून तर सुरी किंवा कात्री एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात थेट देऊ नये, ती खाली ठेवावी आणि दुसऱ्याने उचलून घ्यावी, असा जुना रिवाज आहे. हातात दिली तर भांडण होते, असे माझी आजी सांगत असे. रविवारचा मिस्सा कधी न चुकवणारी ती बाई. पण कात्रीच्या बाबतीत तिने तडजोड केली नाही. युरोपातही चाकू भेट दिल्याने मैत्री तुटते अशी समजूत आहे. ती टाळण्याची पळवाटही त्या लोकांनी शोधून ठेवली आहे. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर एक नाणे ठेवायचे; म्हणजे ती भेट राहत नाही, सौदा होतो आणि मैत्री शाबूत राहते.

अशा समजुतींकडे मी आजवर कौतुकाने, आणि खरे सांगायचे तर थोड्या शहाणपणाच्या तोऱ्याने पाहत आलो. गेल्या वर्षी मात्र एका मुलाला चाकू द्यायचा की नाही, हा प्रश्न खरोखरच माझ्यासमोर उभा राहिला. तेव्हा कळले, की आजीच्या रिवाजामागे जो प्रश्न दडलेला आहे तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या वस्तूने इजा होऊ शकते ती दुसऱ्याच्या हाती देण्याचा आपल्याला अधिकार आहे का? आणि दिलीच, तर पुढे त्या हाताकडून जे घडेल त्यात आपला वाटा किती?

हे घडले हर्णे येथे. दापोली तालुक्यातील हे बंदर. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. सुवर्णदुर्ग हा एके काळी आंग्र्यांच्या आरमाराचा मोठा आधार होता. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सच्या तोफांपुढे तो पडला. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत त्याचाही समावेश आहे. पण हर्णेकराला किल्ल्यापेक्षा किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव अधिक जवळचा. होड्या खोल पाण्यात थांबतात, मासळी वाळूवर येते, टोपल्यांभोवती माणसांचे कडे पडते आणि बोली सुरू होते. निवृत्त झाल्यापासून दर मे महिन्यात आठ-पंधरा दिवस मी तेथे एका कोळी कुटुंबाच्या घरी भाड्याच्या खोलीत राहतो. घरधनी होडीवर खलाशी आहे. मी वसईचा, तोही किनाऱ्याचाच. त्यामुळे त्या घरात मला परके असे कधी वाटले नाही.

त्यांचा धाकटा मुलगा लहानपणी माझ्याकडे गणिताची वही घेऊन बसत असे. मुलगा हुशार, पण मनस्वी. चौदाव्या वर्षी त्याच्या दप्तरात चाकू सापडला. जत्रेत घेतलेला, खटक्याचा, पितळी मुठीचा. त्याने तो कोणावर उगारला, कोणाला दाखवला, की नुसताच जवळ बाळगला, याविषयी तीन माणसांनी मला तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. शाळेने बापाला बोलावून घेतले. बापाने मुलाला चारचौघांत मारले आणि तो चाकू दुसऱ्या दिवशी होडीवरून भर समुद्रात फेकून दिला. तेव्हापासून बापलेकांत कामापुरतेच बोलणे उरले. मुलाने होडीवर जायला साफ नकार दिला. बारावीनंतर तो एका रोपवाटिकेत आंब्याची कलमे बांधायला जाऊ लागला. कोळ्याच्या पोराने झाडपाल्याचे काम करावे, हेही बापाला फारसे रुचले नव्हते.

गेल्या मे महिन्यात तो वीस वर्षांचा होणार होता. तुला काय देऊ, असे मी सहज विचारले. त्याला उत्तर शोधावे लागले नाही. "गुरुजी, कलमाचा चाकू. मिटता. चांगला." रोपवाटिकेतले चाकू मालकाचे, सकाळी घ्यायचे, संध्याकाळी मोजून परत करायचे. दहा हातांनी वापरलेले, दहा तऱ्हांनी घासलेले. आपला असा एकही नाही.

बाप ओटीवर जाळे दुरुस्त करीत होता. त्याने मान वर केली नाही. पण मुलगा आत गेल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, माकडाच्या हाती कोलीत देऊ नका."

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

बापाचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. त्याने एकदा ती लाज सोसली होती. समुद्रावर जाणारा माणूस पात्याला भिणारा नसतो. त्याच्या कमरेला आयुष्यभर सुरी असते. जाळे पंख्यात अडकले, दोर पायात गुंतला, की तीच सुरी जीव वाचवते. अशा माणसाने जेव्हा आपल्याच मुलाच्या हाती चाकू देऊ नका म्हणावे, तेव्हा तो चाकूविषयी बोलत नसतो, मुलाविषयी बोलत असतो. त्याला चाकूचा भरवसा होता. मुलाचा नव्हता.

वर्गात मी अनेक वर्षे मुलांना सांगत आलो, की वस्तू स्वतः चांगली नसते, वाईटही नसते. चांगला-वाईट असतो तो तिचा वापर. त्याच सुरीने वैद्य जीव वाचवतो आणि मारेकरी जीव घेतो. वाक्य सोयीचे आहे. त्यावर टाळ्याही पडतात. पण त्या रात्री ते मला अपुरे वाटले. वस्तू इतकी निष्पाप असते का? घडवणाऱ्याने ती एका हेतूने घडवलेली असते आणि तो हेतू तिच्या आकारात उतरलेला असतो. उत्तर प्रदेशातील रामपूरचा चाकू पाहा. लांब, टोकाशी निमुळता होत गेलेला, उघडताना खटखट आवाज करणारा. कारागिरी म्हणून तो उत्तमच. रामपूरच्या लोहारांचे कसब देशभर नावाजले गेले. पण पात्याचे ते टोक भाजी चिरण्यासाठी नव्हे आणि तो आवाज समोरच्याने ऐकावा यासाठी आहे. हिंदी चित्रपटांनी तो खलनायकांच्या हाती दिला आणि पुढे सरकारने लांब पात्यांवर बंधने आणली, तसे कारागीर कमी होत गेले. २०२३ मध्ये त्या शहराने एका चौकात वीस फुटी चाकू उभारला. पुतळा उभा राहिला तोवर धंदा खाली बसला होता.

कलमाचा चाकूही मिटता, खिशात मावणारा, पोलादाचाच. पण त्याचे पाते आखूड असते, धार सरळ रेषेत असते, टोक भोसकण्यासाठी नसते आणि उघडताना तो कोणाला ऐकू जात नाही. दोन्ही चाकू एकाच धातूचे. पण एक दाखवायचा आहे आणि एक वापरायचा. आपला कायदाही हा भेद ओळखतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत गणले आहेत. मात्र घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योग यांच्यासाठी घडवलेले चाकू त्यातून वगळले आहेत. म्हणजे कायदासुद्धा पात्याची लांबी मोजून थांबत नाही. हे कशासाठी घडवले, असे तो विचारतो.

तेव्हा भेट निवडणे ही निव्वळ आवडीनिवडीची बाब नाही, असे माझ्या ध्यानी आले. चौदा वर्षांच्या त्या मुलाने जत्रेतून जो चाकू उचलला, तो त्याला कोणीतरी मोठे समजावे म्हणून. वीस वर्षांचा तोच मुलगा आता जो चाकू मागत होता, तो त्याला आपले काम नीट करता यावे म्हणून. पहिली मागणी जगाकडे होती, दुसरी माझ्याकडे. बापाच्या भयाला मान द्यायचा, पण ते भय मुलाच्या पायातली कायमची बेडी होऊ द्यायचे नाही, असे ठरवून मी मुंबईला परतलो.

चाकू घ्यायचाच तर उत्तम घ्यावा, हा माझा बेत. नागदेवी स्ट्रीटच्या परिसरात हत्यारांची दुकाने आहेत. एका दुकानात काचेमागे मला एक परदेशी चाकू दिसला. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, पितळेच्या कडा, आरशासारखे पाते. किंमत माझ्या अंदाजाच्या दुप्पट. तो हातात घेताच मला त्या मुलाचा उजळलेला चेहरा दिसू लागला, आणि त्याच्या शेजारी समाधानाने हसणारा मीही दिसू लागलो. मी पाकीट काढले. तेवढ्यात गल्ल्यावरच्या वृद्ध गृहस्थांनी विचारले, "माणूस उजवा की डावखुरा?"

मला सांगता येईना. त्यांनी चाकू माझ्या हातून परत घेतला आणि पाते प्रकाशात आडवे धरून दाखवले. कलमाच्या चांगल्या चाकूला बहुधा एकाच बाजूने धार असते. दुसरी बाजू सपाट असते. सपाट बाजू लाकडाला टेकून सरकते, म्हणून काप एका पातळीत उतरतो. पण अशा चाकूला उजवा-डावा भेद असतो. उजव्यासाठी घडवलेला चाकू डावखुऱ्याच्या हाती गेला, की पाते लाकडात शिरते किंवा बाहेर निसटते. काप वाकडा येतो. चाकूचा दोष नसतो आणि हाताचाही नसतो. दोघांची गाठ चुकीची पडलेली असते.

मी हर्ण्याला फोन लावला. मुलाची आई म्हणाली, "डावखुराच तो, गुरुजी. लिहितो तेवढं उजव्या हातानं. लहानपणी मारून मारून सवय लावली आम्ही. बाकी सगळं डाव्यानं."

इतकी वर्षे तो माझ्या शेजारी बसून गणिते सोडवीत होता. मी त्याचे उत्तर पाहत होतो, अक्षर पाहत होतो. त्याचा हात मी कधी पाहिलाच नव्हता. आणि त्याला देण्यासाठी मी दुकानातली सर्वांत महागडी वस्तू निवडून मोकळा होत होतो. सोन्याची सुरी झाली म्हणून ती कोणी उरात मारून घेत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. त्या म्हणीत घेणाऱ्याला शहाणपण सांगितले आहे. देणाऱ्यालाही ते लागू आहे, हे मला त्या दुकानात कळले. आपण पुष्कळ भेटी अशाच देतो. घेणाऱ्याचा हात न पाहता आपल्या डोळ्यांना जे भावले ते देतो आणि त्याला प्रेम म्हणतो.

त्या गृहस्थांनी मग मला चाकू कसा पारखावा हे शिकवले. पाते उघडून मुठीत घट्ट धरायचे आणि दुसऱ्या हाताने डावीकडे-उजवीकडे हलवून पाहायचे. खिळीपाशी थोडेही डुलले तर चाकू परत ठेवायचा. मिटल्यावर पाते दोन्ही बाजूंच्या मधोमध बसले पाहिजे आणि त्याची धार आतल्या पोलादावर आपटता कामा नये. आपटली तर दर वेळी मिटताना ती थोडी थोडी मरते. उघडताना अंगठ्याला जोर लागावा, पण नख तुटू नये. पाठीची कमान इतकी ताठ हवी, की काम चालू असताना पाते आपसूक बोटांवर मिटू नये. पोलादाचेही दोन पंथ आहेत. साध्या कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण खाऱ्या हवेत ते गंजते. क्रोमियम घातलेले न गंजणारे पोलाद हर्ण्यासारख्या गावी टिकते, मात्र धार लावायला वेळ घेते. आंब्याचा चीक पात्यावर राहू द्यायचा नाही. लगेच पुसायचा, गोड्या पाण्याने धुवायचा, कोरडे करायचे आणि खिळीवर तेलाचा एक थेंब सोडायचा. नुसत्या लाकडाची मूठ कोकणच्या पावसात फुगते आणि पाते आतच अडकून बसते, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे अक्रोडाच्या ज्या मुठीवर मी भाळलो होतो, ती पहिल्याच पावसाळ्यात त्या मुलाशी असहकार पुकारण्याचा संभव होता.

शेवटी मी जो चाकू घेतला तो साधा होता. काळी मूठ, न गंजणारे आखूड पाते, धार डावखुऱ्यासाठी. तो आठवडाभराने मागवून आणावा लागला. बनावट स्वित्झर्लंडची. ज्या कारखान्यातून तो आला त्याची कथा मला पुढे वाचायला मिळाली आणि ती कोकणच्या माणसाला विचार करायला लावणारी आहे. कार्ल एल्सेनर या चाकू-कारागिराने १८८४ मध्ये श्वीझ परगण्यातील ईबाख या खेड्यात आपला कारखाना काढला. तो भाग गरीब, कॅथलिक, डोंगराळ. पोटासाठी तरुण परदेशी निघून जात. गावातच काम निर्माण व्हावे, पोरांना गाव सोडावे लागू नये, ही त्याची तळमळ होती. १८९१ मध्ये त्याने स्विस सैन्याला चाकूंचा पहिला पुरवठा केला. १८९७ मध्ये त्याने जो अनेक पात्यांचा चाकू नोंदवला तो पुढे जगभर प्रसिद्ध झाला. १९०९ मध्ये आई वारली तेव्हा त्याने तिचे व्हिक्टोरिया हे नाव आपल्या मालाला दिले; त्यातूनच पुढे व्हिक्टोरिनॉक्स हे नाव झाले. आपल्या कोकणातल्या किती घरांतील तरुण मुंबईच्या चाळींत जाऊन राहिले, हे वेगळे सांगायला नको. मुलाने गावात राहून हाताने काम करावे यासाठी कोणीतरी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी धडपड केली होती. त्या धडपडीचा एक लहानसा तुकडा मी हर्ण्याच्या मुलासाठी खिशात घेऊन चाललो होतो.

तरीही मूळचा प्रश्न सुटला नव्हता. चाकू योग्य होता. देणे योग्य होते का?

या संदर्भात मला संत बर्थलमय आठवला. कोकणाशी त्याचे नाव जुन्या परंपरेने जोडलेले आहे. पँटीनस नावाचा विद्वान हिंदुस्थानात गेला असता तेथील ख्रिस्ती लोकांजवळ त्याला बर्थलमयने मागे ठेवलेले मत्तयचे शुभवर्तमान आढळले, अशी हकीकत चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियसने नोंदवली आहे. आणि तो हिंदुस्थान म्हणजे आपल्या कल्याण बंदराचा परिसर, असे काही अभ्यासक मानतात. या संताची कातडी सोलून त्याला ठार मारले, अशी परंपरा आहे. म्हणून चित्रांत त्याच्या हाती चाकू असतो. सिस्टाइन चॅपलमधील मायकेलअँजेलोच्या अंतिम न्यायाच्या चित्रात तो एका हातात चाकू आणि दुसऱ्या हातात आपली कातडी घेऊन बसला आहे. नवल असे, की चामडे कमावणाऱ्यांनी आणि पात्यावर पोट असणाऱ्या इतर कारागिरांनी याच संताला आपला आश्रयदाता मानले. ज्या हत्याराने त्याचा छळ झाला, तेच हत्यार रोज हाती धरून प्रामाणिकपणे भाकरी मिळवणारी माणसे त्याच्याकडे वळली. चाकूच्या भूतकाळावर त्या साध्या माणसांनी त्याचा भविष्यकाळ ओवाळून टाकला नाही.

आणि कलम म्हणजे तरी काय? कोयीतून उगवलेले पंधरा दिवसांचे कोवळे रोप घ्यायचे. त्याचा शेंडा छाटायचा. उरलेल्या खोडाला मधोमध उभी चीर द्यायची. हापूसच्या काडीला खालून दोन्ही बाजूंनी उतरते काप देऊन पाचर करायची, ती पाचर चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. दोन्हींच्या सालीखालचा जिवंत थर एकमेकांना भिडला तर कलम जगते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ही कोय कलमाची रीत कोकणभर पोहोचवली. हापूस तर मुळातच कलमी. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात ही विद्या बहरली आणि त्यात जेझुइट धर्मगुरूंचा हात होता, असे इतिहासकार सांगतात. यात जखम दोघांनाही होते, रोपालाही आणि काडीलाही. जखमेवाचून जोड नाही. मात्र ती जखम स्वच्छ हवी. बोथट पात्याने पेशी चुरडल्या जातात, कडा काळ्या पडतात आणि कलम मरते. चाकूने नाते तुटते असे म्हणणाऱ्या माझ्या आजीने आयुष्यभर ज्या आंब्याचा रस वाटीवाटीने वाढला, तो आंबा चाकूनेच जोडलेला होता.

रोमकरांना लिहिलेल्या पत्रात संत पौलाने कलमाचा दृष्टान्त वापरला आहे. पण त्याचे कलम उलटे आहे. माळी नेहमी रानटी खुंटावर चांगल्या जातीची काडी बसवतो. पौलाच्या दृष्टान्तात रानटी ऑलिव्हची फांदी चांगल्या झाडावर बसवली आहे. त्याला शेतीतले कळत नव्हते, असे कोणी म्हणेल. पण हे निसर्गाच्या रीतीविरुद्ध आहे, असे तो स्वतःच त्या पत्रात कबूल करतो. हिशेबी माळी जे करणार नाही, ते कृपा करते. विश्वासाचेही असेच आहे. पुरावा मिळाल्यावर ठेवलेला विश्वास हा व्यवहार झाला. ज्याने एकदा तो गमावला आहे त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवणे, हे शहाणपणाच्या रीतीविरुद्ध आहे. तरीही कोणीतरी ते केल्यावाचून रानटी फांदीला दुसरे झाड मिळत नाही.

जूनच्या अखेरीस मी पुन्हा हर्ण्याला गेलो. मासेमारी बंदीचे दिवस. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, किनारा सुना. बाप घरीच होता. मी त्याला आधी एकांतात चाकू दाखवला आणि म्हणालो, "तुम्ही नको म्हणालात तर मी हा परत नेईन." मुलाला भेट द्यायची, पण बापाला हरवून नव्हे, एवढे मला उमगले होते. त्याने चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आणलाय तर द्या."

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. मी चाकू त्याच्या हातात दिला नाही. आजीच्या रिवाजाप्रमाणे तो ओटीवर ठेवला. त्या रिवाजात एक अर्थ आहे, असे मला आता वाटते. जी वस्तू जबाबदारी घेऊन येते ती कोणाच्या हातात कोंबायची नसते. ती समोर ठेवायची; घेणाऱ्याने आपल्या मनाने उचलायची. मुलाने डावा हात पुढे केला. आईच्या ओठांवर शब्द आले होते, चांगली वस्तू उजव्या हाताने घ्यावी असे काहीतरी. पण ती थांबली. तिने आत जाऊन एक रुपयाचे नाणे आणले आणि माझ्या हातावर ठेवले. "संबंध तुटायला नकोत, गुरुजी." सातासमुद्रापलीकडची ती पळवाट या घरी कोठून आली, कोण जाणे.

मी ते नाणे घेतले. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस याने १९२५ मध्ये भेटीविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले, की भेट कधी फुकट नसते. ती घेणाऱ्यावर परतफेडीचे ओझे ठेवते. याउलट संत थॉमस अक्विनास म्हणतो, की परतफेडीची अपेक्षा न धरता दिले जाते तेच खरे दान आणि प्रेम ही पहिली भेट. बाकीच्या भेटी तिच्यामागून येतात. या दोघांचा वाद त्या कोळिणीने एका रुपयात मिटवला. चाकू आता विकत घेतलेला होता. तो तू कसा वापरतोस, मी दिलेला आहे हे लक्षात ठेवतोस की नाही, असे विचारण्याचा माझा हक्क संपला होता. मुलगा मोकळा झाला. मीही झालो.

बापाने मुलाच्या हातून चाकू घेतला, अंगठ्याच्या नखावर धार पाहिली आणि म्हणाला, "ही कारखान्याची धार. चार दिवसांत जाईल." तो आतून धार लावायचा दगड घेऊन आला. जन्मभर मासळीच्या सुऱ्या घासलेला हात. सवयीने त्याने पाते दोन्ही बाजूंनी घासायला सुरुवात केली. "तसं नको, बाबा," मुलगा म्हणाला. "एकाच बाजूनं. दुसरी सपाट राहिली पाहिजे, नाहीतर काप वाकडा जातो." बाप थांबला. त्याने मुलाकडे पाहिले. मग दगड त्याच्याकडे सरकवून म्हणाला, "दाखव."

सहा वर्षांनंतर त्या घरात बापाने मुलाला काही विचारले होते.

वाचकहो, यावरून सारे काही सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. पुढे जुलैमध्ये मुलाने त्याच चाकूने बोट कापून घेतले. तीन टाके पडले. त्याचा फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. उद्या त्याच्याकडून याहून वाईट काही घडणार नाही, याची हमी मी देऊ शकत नाही, त्याचा बापही देऊ शकत नाही. धार असलेली वस्तू देणाऱ्याला ही हमी कधीच मिळत नाही. ज्ञान, पैसा, स्वातंत्र्य, आपल्या मुलांना आपण जे जे काही देतो त्या सर्वांना धार आहे. बोथट करूनच द्यायचे ठरवले तर कोणाला इजा होणार नाही हे खरे, पण मग एकही कलम लागणार नाही.

माणसाने एवढेच करावे. देण्यापूर्वी ज्याला द्यायचे त्याचा हात नीट पाहावा. वस्तू तिच्या दिमाखावरून नव्हे, तिच्या खिळीवरून पारखावी. ज्याला तिचे भय वाटते त्याला विचारल्यावाचून देऊ नये. आणि एकदा दिली, की एक रुपया घेऊन आपला हक्क सोडून द्यावा.

ते नाणे माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी अजून खर्च केलेले नाही.